फ्रेंच भाषेतील भूतकालीन विध्यर्थ

फ्रेंच क्रियापदांचे कोष्टकांचे पुस्तक कोणीही उघडले तर त्यात एक रकाना असा आढळतो की, त्यातील बहुतेक रूपे आज एकही फ्रेंच माणूस बोलताना वापरीत नाही. बाजारात नाही, घरात नाही, प्रियजनांशी नाही आणि शत्रूशीही नाही. तरीही हा रकाना छापला जातो आणि परीक्षार्थी तो पाठ करतात. फ्रेंच कादंबरीच्या पानापानावर त्या रकान्यातले एखादे रूप माथ्यावर एक लहानसे टोपीसारखे चिन्ह धारण करून आजही उभे असते. ह्या रूपाचे फ्रेंच नाव ‘एँपार्फे द्यु स्युब्झोंक्तिफ’. मराठीत त्याला तंतोतंत प्रतिशब्द नाही. सोयीसाठी येथे त्यास ‘भूतकालीन विध्यर्थ’ असे म्हटले आहे. हे रूप कसे बनते, कोठे वापरले जाते आणि बोलणाऱ्यांच्या ओठांवरून ते का उतरले, ह्याची हकीकत व्याकरणाच्या सीमा ओलांडून बरीच पुढे जाते.

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले आहेत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘तो येतो’ हे घडणाऱ्या गोष्टीचे कथन झाले. ‘त्याने यावे’ ह्यात येणे घडत नाही. ते कोणाच्या तरी मनात आहे, इच्छेत आहे, कर्तव्याच्या कल्पनेत आहे. ‘तो आला असता’ ह्यात ते घडलेलेच नाही. केवळ कल्पिले आहे. प्रत्यक्षात घडते ते एकीकडे आणि मनात वसते ते दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. फ्रेंच भाषेने मनातल्या ह्या प्रांतासाठी जे क्रियारूप ठेवले ते ‘स्युब्झोंक्तिफ’ होय. इच्छा, शंका, भीती, आवश्यकता, खेद व हर्ष दाखविणाऱ्या शब्दांनंतर, तसेच ‘जरी’, ‘पूर्वी’, ‘म्हणून’ अशा अर्थांच्या काही अव्ययांनंतर ते येते. त्याचे गोत्रही मराठी श्रोत्याला अगदीच परके नाही. ‘असो’, ‘असावे’ ह्या अर्थाचे जुने लॅटिन रूप ‘सिएत्’ आणि संस्कृतातील ‘स्यात्’ ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. त्याच लॅटिन कुळातून फ्रेंच भाषेतील ‘स्वा’ हे रूप आले.

आता ह्या विध्यर्थाला काळाचा प्रश्न चिकटतो. ‘त्याने यावे असे तिला वाटते’ आणि ‘त्याने यावे असे तिला वाटत होते’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली तर दिसते की, मराठीत मुख्य क्रियापद भूतकाळात गेले तरी ‘यावे’ जागचे हलत नाही. इच्छा कालची असो वा आजची, इच्छिलेली गोष्ट त्याच रूपात राहते. अभिजात फ्रेंचला हे मान्य नव्हते. तिच्या नियमाप्रमाणे मुख्य वाक्य भूतकाळात गेले की गौण वाक्यातील विध्यर्थानेही भूतकाळाचा वेष घेतला पाहिजे. ‘एल् व्हू किल् व्हिएन्’, म्हणजे ‘त्याने यावे अशी तिची इच्छा आहे’. परंतु ‘एल् व्हुले किल् व्हँ’, म्हणजे ‘त्याने यावे अशी तिची इच्छा होती’. पहिल्या वाक्यातील ‘व्हिएन्’ वर्तमान विध्यर्थ, दुसऱ्यातील ‘व्हँ’ भूतकालीन विध्यर्थ. राजाने उभे राहताच दरबाराने उभे राहावे तसा हा दंडक. फ्रेंच व्याकरणकार त्यास काळांचा मेळ म्हणतात.

ही रूपे बनविण्याची रीत मात्र ऐकणाऱ्याला वाटेल तितकी अवघड नाही. फ्रेंच भाषेत कथनासाठी एक साधा भूतकाळ आहे. इतिहास, कथा व कादंबऱ्या त्यात लिहिल्या जातात. त्या काळाचे द्वितीय पुरुषी एकवचनी रूप घ्यावे आणि त्याला ‘से’ ही अक्षरे जोडावी, की प्रथम पुरुषाचे रूप सिद्ध होते. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे. त्याच्या साध्या भूतकाळातील ‘तू बोललास’ हे रूप लिहिताना शेवटी ‘स’ असलेले, परंतु उच्चारात नुसते ‘पार्ला’ असे आहे. त्यास जोड दिली की ‘पार्लास्’ होते. मग पुढे ओळीने: मी ‘पार्लास्’, तू ‘पार्लास्’, तो ‘पार्ला’, आम्ही ‘पार्लासियों’, तुम्ही ‘पार्लासिये’, ते ‘पार्लास्’. लेखनात ही सहाही रूपे निरनिराळी आहेत. कानाला मात्र त्यांतील तीन एकच वाटतात. पहिल्या गणातील क्रियापदांत असा ‘आ’ हा स्वर येतो. ‘फिनीर’, म्हणजे संपविणे, ह्यासारख्यांत ‘इ’ येतो. ‘असणे’ ह्या अर्थाच्या ‘एत्र्’ मध्ये ‘उ’ येतो आणि त्याची रूपे ‘फ्यूस्’, ‘फ्यू’, ‘फ्यूसियों’ अशी होतात. तर ‘येणे’ ह्या अर्थाच्या ‘व्हनीर’ मध्ये सानुनासिक ‘अँ’ येतो. चार स्वर आणि एक शेपूट, एवढेच ह्या रकान्याचे रहस्य.

येथे दोन बारकावे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. ‘फिनीर’सारख्या क्रियापदांत वर्तमान आणि भूतकालीन विध्यर्थाची रूपे तृतीय पुरुषी एकवचन सोडल्यास अक्षरशः एक आहेत, म्हणजे सहा दरवाजांपैकी पाच दरवाजांवर दोन्ही भाडेकरूंच्या नावाची एकच पाटी. दुसरा बारकावा असा की, ‘तो होता’ हा साधा भूतकाळ आणि ‘तो असावा’ हा भूतकालीन विध्यर्थ, ह्या दोहोंचा उच्चार ‘फ्यू’ असाच आहे. त्यांतील भेद डोळ्यांना दिसतो तो केवळ विध्यर्थाच्या स्वरावर बसविलेल्या त्या टोपीमुळे. कान ज्याला ओळखीत नाही त्याला डोळ्यांनी ओळखावे लागते, आणि येथेच ह्या रूपाच्या दुर्दैवाचे पहिले बीज आहे.

ती टोपी कोठून आली, हे पाहण्यासाठी लॅटिनकडे वळावे लागते. लॅटिनमध्ये अपूर्ण भूतकाळाचे विध्यर्थी रूप वेगळेच होते. ‘प्रेम करणे’ ह्या धातूपासून ते ‘आमारेम्’ असे होई. लोकांच्या बोलीत ते मागे पडले, आणि त्याच्या जागी पूर्ण भूतकाळाच्याही पलीकडचे ‘आमाविस्सेम्’, संक्षेपाने ‘आमास्सेम्’, हे रूप येऊन बसले. त्यातून फ्रेंचमधील ‘एमास्’ निघाले. ‘फुइस्सेम्’ ह्यापासून ‘फ्यूस्’ झाले. आणि ह्या ‘फु’ मध्ये दडलेला धातू संस्कृतातील ‘भू’ ह्याचाच सगोत्र आहे. तृतीय पुरुषी ‘फुइस्सेत्’ चे जुन्या फ्रेंचमध्ये ‘फुस्त्’ झाले. पुढे त्यातील ‘स’ उच्चारातून नाहीसा झाला. लेखनात मात्र तो शतकानुशतके टिकला. फ्रेंच अकादमीने १७४० साली आपल्या कोशाची तिसरी आवृत्ती काढली, तीत अशा अनेक अनुच्चारित ‘स’कारांना निरोप देऊन त्यांच्या स्मरणार्थ स्वरावर टोपी ठेवली. मराठीत १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ‘करावें’वरील अनुच्चारित अनुस्वार काढून टाकला, तेव्हा त्याच्या जागी कोणतीही खूण ठेवली नाही. फ्रेंच लोकांनी गेलेल्या अक्षराची समाधी बांधली. आणि १९९० साली जेव्हा ‘इ’ व ‘उ’ ह्यांवरील बहुतेक टोप्या ऐच्छिक करण्यात आल्या, तेव्हाही ह्या क्रियारूपावरील टोपीला हात लावला नाही, कारण ती काढली तर दोन भिन्न रूपे एकमेकांत विरून जाण्याचे भय होते.

ह्या रूपाच्या ऱ्हासाचा इतिहास दोन टप्प्यांत घडला. अकराव्या-बाराव्या शतकांतील फ्रेंचमध्ये त्याच्याकडे एक मोठे काम होते. ‘असते तर दिले असते’ अशा सांकेतिक वाक्याच्या दोन्ही अंगांत तेच येई. पुढे ‘जर’नंतर साधा अपूर्ण भूतकाळ आणि उत्तरार्धात संकेतार्थी रूप वापरण्याची पद्धत रूढ झाली, आणि भूतकालीन विध्यर्थाच्या हातून त्याचे सर्वांत नित्याचे काम गेले. उच्च शैलीत त्याचा अंश उरला. क्लिओपात्राचे नाक आखूड असते तर काय झाले असते, ह्यासंबंधी पास्कालने सतराव्या शतकात जे सुप्रसिद्ध विधान केले त्यात ह्याच कुळातील संयुक्त रूप आहे. परंतु रोजच्या बोलण्यातील ‘जर’ त्याच्याकडून कायमचा हिरावला गेला.

शेजारच्या भगिनीभाषांत असे घडले नाही. इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज ह्या तिन्ही भाषांत त्याच लॅटिन रूपाची संतती आजही घराघरांत नांदते. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज ही राज्यकारभाराची भाषा होती. तेथील जुन्या पिढीतील ज्यांनी त्या भाषेत शिक्षण घेतले, त्यांना ‘से एऊ सोबेस्स’, म्हणजे ‘मला ठाऊक असते तर’, हे शब्द म्हणताना आपण काही भारदस्त बोलत आहोत असे कधी वाटले नसेल. पोर्तुगीज मूल जे रूप रडतरडत हट्टासाठी वापरते, त्याच रूपाचा सख्खा भाऊ फ्रेंच भाषेत प्राध्यापकालाही थोडे खाकरून उच्चारावा लागतो. एकाच आईची ही दोन लेकरे. एकाला घरात काम राहिले, दुसऱ्याला राहिले नाही. भाषेत रूप जगते ते त्याच्या कुलीनतेवर नव्हे, त्याच्या हातातील कामावर.

दुसरा टप्पा साध्या भूतकाळाच्या अस्ताशी जोडलेला आहे. पोर-रोयालच्या विद्वानांनी १६६० साली प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात एक नियम नमूद आहे: आजच्या दिवसात घडलेल्या गोष्टीसाठी साधा भूतकाळ वापरू नये, संयुक्त भूतकाळ वापरावा, मध्ये निदान एक रात्र गेली पाहिजे. परंतु बोलणाऱ्यांनी ही रात्रीची मर्यादा फार काळ पाळली नाही. संयुक्त भूतकाळ कालच्या, परवाच्या आणि शेवटी सर्वच गतकाळाच्या प्रांतात शिरला, आणि साधा भूतकाळ बोलण्यातून निघून पुस्तकांत जाऊन राहिला. भूतकालीन विध्यर्थ ह्याच साध्या भूतकाळाच्या खांद्यावर उभा होता. ‘तू बोललास’ हे रूपच ज्याच्या जिभेवर नाही, त्याला त्यापुढे शेपूट जोडून नवे रूप कसे सुचावे? पाया खचला, मग वरचा मजला कोसळण्यास वेळ लागला नाही.

त्यात भर पडली ती नादाची. फ्रेंच भाषेत ‘आस्’ हा शब्दांती येणारा प्रत्यय बहुधा तुच्छतादर्शक आहे. कागदपत्रांच्या निरर्थक ढिगाऱ्याला ‘पापरास्’ म्हणतात. त्यामुळे ‘पार्लास्’, ‘एमास्’ ही गंभीर रूपे कानाला नकळत चेष्टेची वाटू लागली. ‘मला शक्य व्हावे’ ह्या अर्थाचे ‘प्यूस्’ उच्चारावे तर ऐकणाऱ्याला त्याच ध्वनीची पिसू आठवते. ‘तुम्ही खून करावा’ ह्याचे रूप होते ‘आसासिनासिये’. एवढ्या सकारांतून वाट काढताना वक्त्याची दमछाक व्हावी. विनोदी लेखक आल्फोंस आले ह्याच्या नावावर प्रचलित असलेली एक प्रेमविव्हल कविता अशाच रूपांची रास रचून वाचकांना हसविते. टेलिफोनसारख्या नव्या वस्तूपासून क्रियापद झाले तेव्हा तर ‘तेलेफोनासियों’ असा प्रकार निर्माण झाला, जणू तारयंत्राच्या कचेरीतील कारकुनाला पेशवाईतला अंगरखा चढवावा. जे रूप गांभीर्यासाठी वापरावे आणि हसू ओढवून घ्यावे, ते रूप शहाणा माणूस टाळू लागतो.

शासनालाही ह्या वस्तुस्थितीची दखल घ्यावी लागली. फ्रान्समध्ये परीक्षेतील व्याकरणाचे नियम हा राज्यकारभाराचा विषय मानला जातो. २६ फेब्रुवारी १९०१ रोजी शिक्षणमंत्री झोर्झ लेग ह्यांच्या सहीने एक आदेश निघाला. मुख्य वाक्य संकेतार्थात असताना गौण वाक्यात भूतकालीन विध्यर्थाऐवजी वर्तमान विध्यर्थ लिहिला तरी तो दोष मानू नये, असे त्यात सांगितले होते. ‘त्याने यायला हवे होईल’ अशा जातीच्या वाक्यात ‘व्हिएन्’ लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ. १९७६ च्या डिसेंबरमध्ये दुसरा आदेश निघाला आणि मुख्य वाक्य भूतकाळात असतानाही ही मोकळीक देण्यात आली. अशा रीतीने काळांच्या मेळाचा तो दरबारी दंडक, निदान ह्या एका बाबतीत, सैल झाला. आणि ‘एल् व्हुले किल् व्हिएन्’ हे वाक्य, ज्यात मराठीतल्या ‘यावे’प्रमाणे गौण क्रियापद जागचे हलत नाही, परीक्षेच्या कागदावरही निर्दोष ठरले.

ह्या ठिकाणी एक गंभीर प्रश्न उभा राहतो. रूप गेले, तर त्याबरोबर विचारही गेला काय? जुन्या पद्धतीच्या काटेकोर लेखनात दोन्ही रूपे भूतकाळी मुख्य वाक्यानंतर येऊ शकत, आणि त्यांच्या अर्थात फरक असे. ‘रोग्याने गावी राहावे असे वैद्याने ठरविले’ ह्या वाक्यात भूतकालीन विध्यर्थ आला तर ती त्या वेळची गोष्ट झाली. आज तो रोगी कोठे आहे ह्याविषयी वाक्य मौन पाळते. वर्तमान विध्यर्थ आला तर तो निर्णय अद्याप लागू आहे, अशी सूचना मिळते. दोन रूपांऐवजी एकच उरले तेव्हा ही सूचना देण्याचे काम संदर्भावर आणि ‘आजही’, ‘त्या वेळी’ अशा शब्दांवर आले. हानी झाली हे खरे. परंतु ती भरून न येण्याजोगी नव्हती. मराठी माणूस ‘यावे’ ह्या एकाच रूपावर आपले सारे व्यवहार चालवितो, आणि त्याच्या इच्छांत त्यामुळे गोंधळ झाल्याचे ऐकिवात नाही.

खरी हानी निराळीच आहे. मोन्तेन्यपासून प्रूस्तपर्यंत फ्रेंच गद्याच्या साऱ्या परंपरेत हे रूप भिनलेले आहे. ते ज्याला वाचता येत नाही त्याला आपल्याच भाषेतील पूर्वजांचे शब्द अडखळत वाचावे लागतात. दुसऱ्या बाजूस, ज्याला ते लिहिता व बोलता येते त्याच्या हाती एक सूक्ष्म शस्त्र येते. शेतकऱ्याच्या किंवा कामगाराच्या मुलाला जे घरी कधीच ऐकू येत नाही, ते ज्याच्या घरी पुस्तकांच्या कपाटात आहे तो सहज उच्चारून जातो, आणि एका टोपीच्या आधारे माणसांची उच्च व नीच अशी वर्गवारी होते. आल्बेर कामूने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ला श्यूत’ ह्या कादंबरीत हे मर्म अचूक पकडले आहे. तिचा निवेदक, पूर्वीचा पॅरिसमधील वकील, संभाषणाच्या ओघात हे रूप वापरतो. समोरचा गृहस्थ किंचित दचकलेला त्याला दिसतो. आणि ह्या रूपाविषयी व एकंदर सुंदर भाषेविषयी आपल्याला मोह आहे, अशी कबुली तो लागलीच देऊन टाकतो. तो दचका आणि ती कबुली, ह्या दोहोंत ह्या क्रियारूपाचे सामाजिक चरित्र सामावले आहे. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे ते अर्थाआधी सांगून मोकळे होते.

मग भारतात बसून फ्रेंच शिकणाऱ्याने ह्या रकान्याचे काय करावे? उत्तर व्यवहार्य आहे. सहाही रूपे ओळखता आली पाहिजेत, कारण त्यांवाचून जुने साहित्य उघडत नाही. लिहिताना तृतीय पुरुषी एकवचन तेवढे हाताशी ठेवावे. ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ ह्या क्रियापदांची ‘फ्यू’ व ‘यू’ ही लहान, हलकी रूपे आजच्या चांगल्या गद्यातही शोभून दिसतात, कारण त्यांत ना सकारांची गर्दी आहे ना हास्यास्पद नाद. काही ठराविक वाक्प्रचारांत तर ती घट्ट बसलेली आहेत: ‘फ्यूस्’ म्हणजे ‘निदान ते असले तरी’, ‘प्लू आ द्यो’ म्हणजे ‘देव करो आणि’, ‘द्यूतिल्’ म्हणजे ‘त्याला करावे लागले तरी’. हे शब्दसमूह अखंड शिकावे, त्यांची फोड करीत बसू नये. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ ह्यांची लांबलचक रूपे मात्र वाचावी, समजून घ्यावी आणि पुस्तकातच राहू द्यावी. बोलताना वर्तमान विध्यर्थ पुरेसा आहे. त्याहून अधिक बोलणारा फ्रान्समध्ये विद्वान म्हणून नव्हे, तर विनोदी म्हणून ओळखला जाण्याचा संभव अधिक.

संस्कृताच्या अभ्यासकांना ह्या कथेत ओळखीचा सूर ऐकू येईल. वेदांच्या भाषेत लेट् नावाचा एक लकार होता. इच्छा, संकल्प आणि संभावना तो व्यक्त करी. पाणिनीने त्याची नोंद केली ती केवळ छंदाच्या, म्हणजे वेदाच्या, भाषेपुरती. लोकांच्या संस्कृतातून तो तेव्हाच गेला होता. लेट् गेला म्हणून भारतीयांची इच्छा करण्याची शक्ती गेली नाही. लिङ् आणि लोट् ह्यांनी त्याचे काम वाटून घेतले. परंतु लेट् न ओळखणाऱ्याला ऋग्वेद नीट वाचता येत नाही, हेही तितकेच खरे. फ्रेंच भूतकालीन विध्यर्थाची गत आज त्याच वाटेवर आहे. जिभेवरचे त्याचे स्थान वर्तमान विध्यर्थाने घेतले आहे आणि ते परत मिळण्याची चिन्हे नाहीत. पानावरचे त्याचे स्थान मात्र वाचक त्याला ओळखतो तोवर आहे. आणि ती ओळख शाळेत एक टोपी समजावून देण्याइतकी सोपी आहे, फक्त ती देताना ज्याला ती ठाऊक नाही त्याला हिणवण्याची सवय शिक्षकाने सोडली पाहिजे.